पाण्याचा फोर्स वाटेत कुठे जातो

प्लंबरकाकांनी शॉवरचं तोंड फिरवून काढलं, उलटं धरलं आणि तळहातावर दोनदा आपटलं. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या खपल्या पडल्या. सोबत थोडी वाळू, कुठल्याशा वॉशरचा काळा तुकडा आणि आट्यांवर गुंडाळतात त्या टेफलॉन टेपचा चिंधीसारखा गुंता. बोटानं सगळं बाजूला सारून त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पंपाचं नंतर बोलू. आधी बादली आणा."

त्याआधी दोघे जण येऊन गेले होते. दोघांनीही शॉवर सुरू करून पाहिला आणि टॉप फ्लोअर आहे, प्रेशर पंपाशिवाय इलाज नाही, असं सांगून गेले. शॉवर उघडून आत काय आहे ते दोघांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

आमची इमारत पुण्यातली, तीस वर्षांपूर्वीची, चार मजली. आमचं घर चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची आणि गच्चीवर टाकी. इतकी वर्षं घरात बादली-तांब्यानंच अंघोळी झाल्या, शॉवर नावापुरता होता. मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं वाकणं बंद झालं. खुर्चीवर बसून शॉवरखाली अंघोळ करायची असं ठरलं. पण त्या बारीक धारेनं अंगावरचा साबण निघेना. ऐन डिसेंबरात ती ओल्या अंगानं कुडकुडत बसायची आणि मी बाहेरून "झालं का?" विचारत राहायचे. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागले. शेवटच्या मजल्यावरच्या बहुतेक घरांत हीच तक्रार असते आणि तिच्यावर सरसकट पंपाचा तोडगा सांगितला जातो. तो चुकीचाच असतो असं नाही, पण तो पहिला नसावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

काकांची बादली १० लिटरची होती, आत खुणा असलेली. शॉवरचं तोंड परत बसवून, नळ पूर्ण उघडून त्यांनी मला मोबाईलवर वेळ लावायला सांगितलं. बादली भरायला ३ मिनिटं १० सेकंद लागली. मग तोंड काढून नुसत्या दांड्याखाली बादली धरली. आता १ मिनिट ४५ सेकंद. म्हणजे पहिल्या खेपेला मिनिटाला सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर, दुसऱ्या खेपेला पावणेसहा. दोन्ही वेळी टाकी तीच, उंची तीच, पाईप तेच. फरक फक्त त्या पितळी तोंडाचा. ही चाचणी कुणालाही घरी पाच मिनिटांत करता येते. ती टाकी भरलेली असताना आणि खालच्या मजल्यांवर पाण्याची घाई नसताना, म्हणजे दुपारी करावी, नाहीतर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आपण 'फोर्स' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बांधतो. एक आहे दाब. तो उंचीतून येतो. दुसरा आहे प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते. तो दाबावर ठरतो, तसाच वाटेवरही ठरतो. दाब कमी असेल तर उपाय एक, वाट अडलेली असेल तर दुसरा. हे दोन वेगळे काढले की अर्धं काम झालं.

आधी दाब. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली येतं ते स्वतःच्या वजनानं. पाण्याच्या पातळीपासून नळाच्या तोंडापर्यंत सरळ खाली जेवढं अंतर, तेवढा दाब. १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. टाकी ५०० लिटरची असो की ५,००० लिटरची, पातळी एकच असेल तर दाबही एकच. आमच्या सोसायटीच्या सभेत फोर्स वाढावा म्हणून मोठी टाकी बसवण्याचा ठराव एकदा आला होता. मोठ्या टाकीनं पाणी जास्त वेळ पुरतं, फोर्स वाढत नाही. शहरंही याच नियमावर चालतात. मुंबईत मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली जलाशय आहे, तो टेकडीवर असण्याचं कारण हेच. ती टेकडी म्हणजे दक्षिण मुंबईची गच्चीच. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंच भिंतीवर चढवून तिथून खाली सोडलं आहे. त्या पडत्या पाण्यावर जातं फिरायचं.

आता आमच्याच इमारतीचा हिशोब मांडते. प्रत्येक मजला ३ मीटरचा. टाकी गच्चीच्या स्लॅबवर ६० सेंटिमीटरच्या विटांच्या ओट्यावर. टाकी भरली की आत १.२ मीटर पाणी. आमच्या बाथरूमच्या फरशीपासून पाण्याची पातळी झाली ४.८ मीटर. शॉवर फरशीपासून २.१ मीटरवर. उरले २.७ मीटर, म्हणजे पाव बारपेक्षा किंचित जास्त. तळमजल्याच्या शॉवरला यात १२ मीटर वाढवा, १४.७ मीटर होतात. दाबात साडेपाच पटींचा फरक.

याच आकड्यांत आणखी दोन उत्तरं आहेत. "नळाला धार चांगली आहे, मग शॉवरलाच काय होतं?" असं सगळे विचारतात. बादलीचा नळ फरशीपासून ६० सेंटिमीटरवर असतो. त्याला आमच्या घरी ४.२ मीटर मिळतात, शॉवरला २.७. नळाला दीडपटीहून जास्त दाब आहे, केवळ तो खाली आहे म्हणून. तळमजल्यावर हाच फरक १६.२ आणि १४.७ असा आहे, तिथे तो कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा प्रश्न सकाळचा. साडेसहाला बरा असलेला शॉवर नऊला रडतो, कारण टाकी उतरलेली असते. तळाशी आलेल्या टाकीत आमच्या शॉवरला १.५ मीटरच उरतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी टाकी भरण्याची वेळ आणि अंघोळीची वेळ जुळवून घेतली तर एक पैसाही न घालता थोडा फायदा होतो.

थोडाच का, तर त्याचंही गणित आहे. इटलीच्या तोरिचेल्लीनं १६४४ साली छापलेल्या ग्रंथात ते मांडलं. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, जवळजवळ १.४ पट होतो. म्हणून तळमजल्याला दाब साडेपाच पट असला, तरी तशाच नळातून पाणी सव्वादोन-अडीच पट येईल. आमच्या सोसायटीत टाकी आणखी दीड मीटर उंच उचलायची सूचना झाली होती. २.७चे ४.२ मीटर झाले असते आणि पाणी वाढलं असतं पाव पट. त्यासाठी १,००० लिटरला १ टन या हिशोबानं सगळं वजन नव्या स्टँडवर, आणि तो स्टँड तीस वर्षांच्या स्लॅबवर. टाकी उचलायची असेल तर ती कॉलम आणि बीमच्या वर येते ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय एक वीटही रचू नये. गळती लागलेल्या गच्च्यांच्या इमारतींत हे काम परस्पर गवंड्याकडून करून घेतलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याखाली माणसं झोपतात.

आता वाट. बागेत पाणी घालताना पाईपच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, हे लहान मूलही करतं. तोंड लहान झालं म्हणून पाणी जोरात निघालं, असं आपण म्हणतो. खरं कारण मागे, पाईपात असतं. पाईप वाहता असतो तेव्हा पाणी त्याच्या भिंतीला घासत येतं आणि उंचीतून मिळालेला दाब वाटेतच खर्च होतो. जितकं पाणी जास्त, तितका खर्च जास्त. पाणी दुप्पट झालं की खर्च जवळजवळ चौपट होतो. अंगठा धरला की पाणी कमी येतं, वाटेतला खर्च घटतो आणि वाचलेला दाब तोंडाशी उरतो. तो वाचलेला दाब म्हणजे ती लांब धार. पाईपात घासणं अजिबात नसतं, तर अंगठा लावल्यानं वेगात काही फरक पडला नसता.

हे कळलं की एक चकवाही टळतो. नळ बंद असताना पाणी स्थिर असतं, त्यामुळे वाटेत खर्च शून्य. अशा वेळी गेज लावला तर पाईप कितीही गंजलेला असला तरी पूर्ण दाब दाखवतो. पाणी वाहू लागलं की काटा पडतो. जेवढा जास्त पडतो, तेवढी वाट वाईट.

वाट कशी अडते ते आमच्याच गच्चीवर दिसलं. टाकीतून निघणाऱ्या लाईनवर लाल चाकाचा पितळी व्हॉल्व्ह होता. चाक छान फिरत होतं. काका ते उघडत गेले, उघडत गेले, तरी ते फिरतच राहिलं. शेवटी युनियन सोडून त्यांनी व्हॉल्व्ह काढला आणि उजेडाकडे धरला. दांडी वर जात होती, पण तिला अडकवलेली पितळी पट्टी तुटून अर्ध्या भोकात लटकली होती. किती वर्षं, देव जाणे. व्हॉल्व्ह बाहेरून पूर्ण उघडा होता आणि आतून अर्धा बंद. याची तक्रार खालच्या मजल्यांवर कुणीच केली नव्हती. त्यांच्याकडे उंची मुबलक, त्यातून थोडी गेली तरी त्यांना जाणवत नाही. तोच तोटा आमच्या २.७ मीटरमधून वजा झाला की हातात काही उरत नाही. कमी दाबाच्या घरात प्रत्येक अडथळा मोठा होतो, तो यामुळे. त्या जागी काकांनी बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्याची मूठ पाव फेरा फिरली की आतलं भोक पूर्ण मोकळं होतं, आणि मूठ पाईपच्या रेषेत असेल तर तो उघडा आहे हे लांबूनही दिसतं.

व्हॉल्व्ह काढला तेव्हा त्याला जोडलेल्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचं तोंडही दिसलं. बाहेरून रंग शाबूत. आत तांबूस-काळ्या गंजाचे फुगवटे, खरपुड्या सालीसारखे खडबडीत, आणि मध्ये करंगळी जेमतेम जाईल एवढी वाट. अर्ध्या इंची जीआय पाईपचं मूळ भोक साधारण १६ मिलिमीटर असतं. आतून सगळीकडे २ मिलिमीटर गंज धरला की उरतात १२. ऐकायला पाव भागच कमी झाला. पण तेवढ्याच दाबाला येणारं पाणी अर्ध्याहून कमी होतं, आणि खडबडीतपणाचा तोटा आणखी वेगळा. पाईपच्या व्यासाचा परिणाम असा भराभर वाढतो. म्हणून अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच लाईन टाकली तर त्याच उंचीतून दुपटीहून जास्त पाणी येऊ शकतं. टाकी दीड मीटर उचलून मिळणाऱ्या पाव पटीशी याची तुलना करून पाहा. नवीन लाईन सीपीव्हीसीची टाकली तर गंजाचा प्रश्नच राहत नाही, फक्त ती उन्हात उघडी असेल तर तिला रंग द्यावा किंवा झाकावी, नाहीतर ठिसूळ होते. एल्बो जितके कमी तितकं चांगलं, हे वेगळं सांगायला नको.

सकाळच्या वेळचा आणखी एक अनुभव वरच्या मजल्यावरच्यांना नक्की असेल. अंगाला साबण लावलेला आणि एकदम पाणी गुल. खालच्या मजल्यावर कुणीतरी वॉशिंग मशीन लावलं की आमचा शॉवर बारीक व्हायचा, दोन नळ उघडले की बंदच पडायचा, कधीकधी शॉवरच्या तोंडातून हवा आत ओढल्याचा आवाज यायचा. टाकीपासून उतरणारी लाईन सगळ्या मजल्यांची एकच. खाली पाणी जास्त ओढलं गेलं की गच्चीवरच्या त्या सामाईक तुकड्यात खर्च वाढतो आणि पहिला बळी जातो तो सगळ्यांत कमी दाब असलेल्या आमच्या फाट्याचा. खालच्यांची यात काही चूक नाही, त्यांना हे दिसतही नाही. यावर चांगला उपाय म्हणजे शेवटच्या मजल्यासाठी टाकीतून थेट स्वतंत्र लाईन. आमच्या सोसायटीनं त्याला परवानगी दिली. टाकीला नवीन भोक, त्यातून पाऊण इंची लाईन, गच्चीच्या कडेनं सरळ आमच्या बाथरूमच्या डोक्यावर. दीड दिवसाचं काम होतं. वीज नाही, आवाज नाही, दुरुस्ती नाही. मला विचाराल तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं सोसायटीकडे पंपाऐवजी आधी हे मागावं.

आता परत त्या पांढऱ्या खपल्यांकडे येते. ते मुख्यतः कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार. बोअरवेलच्या पाण्यात ते भरपूर असतात, आणि टँकरचं पाणी बहुधा बोअरचंच असतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की चार महिन्यांत शॉवरची भोकं बुजायला लागतात, बादल्यांवर पांढरा थर येतो, गिझरमध्ये तर त्याहून वेगानं साचतो, कारण पाणी तापलं की क्षार लवकर सुटतात. घासून ते निघत नाहीत, आम्लात विरघळतात. शॉवरचं तोंड काढून कोमट पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवलं की बारीक बुडबुडे यायला लागतात. ते कार्बन डायऑक्साईडचे, म्हणजे काम चालू आहे. अर्धा-पाऊण तास पुरतो. रात्रभर ठेवू नये, क्रोमचा मुलामा उडतो. मग जुन्या टूथब्रशनं घासायचं आणि प्रत्येक भोकातून पाणी सरळ येतं का ते पाहायचं. भोकं रबराची असतील तर अंगठ्यानं नुसती चोळली तरी खपल्या सुटतात. सुई घालून पितळी भोकं मोठी करू नयेत, धारा वेड्यावाकड्या होतात. टॉयलेट धुवायचं आम्ल यासाठी कधीही वापरू नये. त्यात ब्लीच मिसळलं गेलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बाथरूमसारख्या लहान जागेत ते जिवावर बेतू शकतं.

शॉवर जिथे दांड्याला जोडतो तिथे वाटीच्या आकाराची बारीक जाळी असते. वाळू तिथेच अडते. ती धुवून परत बसवायची, फेकायची नाही. काही शॉवरमध्ये जाळीपाशीच एक प्लास्टिकची चक्ती असते, तिचं काम पाणी मुद्दाम कमी सोडायचं. अमेरिकेत १९९२च्या कायद्यानं शॉवरला मिनिटाला २.५ गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरची मर्यादा घातली, आणि अशा चकत्यांचे शॉवर सगळीकडे पसरले. ती मर्यादा धरली आहे ५ बारहून जास्त दाबाला. नळाला एवढा दाब असलेल्या गावात ही चक्ती पाण्याची बचत करते. पाव बारच्या घरात ती फक्त उरलंसुरलं पाणी अडवते. तिथे ती काढून टाकण्यात काही गैर नाही.

नवीन शॉवर घेताना खोक्यावरचा आकडा वाचावा. तिथे लिहिलेला प्रवाह बहुतेक वेळा ३ बार दाबाला मोजलेला असतो. ३ बारला मिनिटाला १० लिटर देणारा शॉवर आमच्या पाव बारला जेमतेम ३ लिटर देईल. छतातून पडणारे ताटाएवढे रेन शॉवर दुकानात फार देखणे दिसतात, पण वरच्या मजल्यावर तो पैसा पाण्यात जातो. तेवढंच पाणी शंभरेक भोकांत वाटलं गेलं की मधल्या भोकांतून ठिबकतं आणि कडेची कोरडीच राहतात. कमी दाबाच्या घराला तळहाताएवढा, मोजक्या पण मोठ्या भोकांचा, आत गुंतागुंत नसलेला शॉवर चांगला.

गार पाण्याला धार चांगली आणि गरमला नाही, असं असेल तर दोष गिझरच्या वाटेवर आहे, टाकीकडे पाहायची गरज नाही. गिझरखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, जोडनळीचं आतलं रबर फुगलं आहे का, हे आधी बघावं. गिझरच्या आत जाणाऱ्या पाण्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग उघडायलाच थोडा दाब खाते, आणि क्षार साचून ती अडकली तर बराच खाते. तो साफ करायचा किंवा बदलायचा. काढून टाकायचा नाही, सुरक्षेचा व्हॉल्व्ह तर मुळीच नाही. गॅस गिझरचं दुखणं वेगळं. त्यातला पडदा पाण्याच्या दाबानं हलला तरच आत ज्योत पेटते. दाब कमी पडला की तो पेटतच नाही, आणि लोक गिझर बिघडला समजून मेकॅनिक बोलावतात.

टाकी धुतली किंवा पूर्ण रिकामी झाली, आणि त्यानंतर धार गेली, तर लाईनमध्ये हवा धरली आहे. पाईप कुठेतरी वर चढून परत उतरत असेल, बहुधा दाराच्या चौकटीवरून, तर त्या उतारात हवेचा फुगा अडकतो आणि तो जितका उंच, तितका दाब गिळतो. २.७ मीटरमध्ये मीटरभर फुगा फार झाला. टाकी पूर्ण भरून घरातले सगळे नळ एकदम सोडले की फुसफुस करत हवा निघून जाते. दरवेळी तेच होत असेल तर गच्चीवर त्या लाईनला वर काढलेला वाकड्या तोंडाचा व्हेंट पाईप आहे का ते पाहावं. गच्चीची दुरुस्ती करताना तो कापून बूच मारल्याची उदाहरणं कमी नाहीत.

एवढं सगळं करूनही पाणी अपुरं असेल तर पंप. टाकी स्लॅबवरच टेकलेली असेल, किंवा बंगल्यात टाकी माळ्यावर असेल तर उंचीच नसते. तिथे वाट कितीही मोकळी केली तरी उपयोग नाही. पंप म्हणजे विकत घेतलेली उंची. घरगुती लहान पंप १० मीटर किंवा त्याहून जास्त उंचीइतका दाब सहज देतो. पण तो बसवायचा कुठे, याला नियम आहेत. महापालिकेच्या लाईनला थेट मोटर जोडणं बेकायदा आहे, आणि ते केवळ कागदी कारणानं नाही. मोटर ओढू लागली की रस्त्याखालच्या पाईपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फटींतून गटाराचं पाणी आत येतं, शेजाऱ्याच्या घरी पाणी पोचत नाही ते वेगळंच. इमारतीच्या सामाईक उतरत्या लाईनवर एकाच घराचा पंप लावणं हेही तसंच, त्यानं दुसऱ्यांचं पाणी ओढलं जातं. पंप टाकीतून निघणाऱ्या आपल्या स्वतंत्र लाईनवरच हवा. जुन्या जीआय लाईनवर तो लावला तर कालपर्यंत कोरडे असलेले जोड भिंतीच्या आत गळायला लागतात. गिझरच्या पट्टीवर किती बारपर्यंतचा दाब चालतो ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. अर्थिंग आणि वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी यांत तडजोड नाही, कारण पाणी आणि वीज एकत्र येणार आहेत.

आणि जास्त फोर्स म्हणजे जास्त पाणी, हेही डोळ्यांसमोर असू द्यावं. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. मिनिटाला १२ लिटरचा शॉवर पाच मिनिटं चालला तर त्यातले ६० अंघोळीतच गेले. बादलीची अंघोळ १५-२० लिटरमध्ये होते. ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरमागे रांगा लागतात, तिथे ८ लिटर पुरत असताना १५ लिटर ओतणारा पंप बसवणं मला पटत नाही. फोर्स हवा तो साबण निघण्यापुरता.

आमचे आकडे असे झाले. शॉवर साफ केला, बादली २ मिनिटं १५ सेकंदांत भरली. व्हॉल्व्ह बदलला, १ मिनिट ४० सेकंद. स्वतंत्र लाईन टाकली, १ मिनिट १४ सेकंद. मिनिटाला ८ लिटर, पंपाशिवाय.

शेवटची सूचना काकांची. "आजींना वरचा शॉवर कशाला? हातातला द्या." वरच्या दांड्याऐवजी त्यांनी नळीचा हँड शॉवर जोडला आणि त्याचा आकडा खुर्चीवर बसलेल्या आईच्या खांद्याच्या उंचीला, फरशीपासून १.१ मीटरवर ठोकला. शॉवर एक मीटर खाली आला, म्हणजे २.७चे ३.७ मीटर झाले. टाकीला हातही न लावता उंची वाढली. पहिल्या दिवशी आई आत गेली आणि मी सवयीनं दाराबाहेर उभी राहिले. आतून पाण्याचा सलग आवाज येत होता. थोड्या वेळानं तो थांबला आणि तिनं पंचा मागितला.

बाथरूमच्या दारामागे मी पेन्सिलीनं तारीख आणि सेकंद लिहून ठेवते. फेब्रुवारीत ७४ होते, टँकर सुरू झाल्यावर मे अखेर ९० झाले. त्या रविवारी लिंबूसत्त्वाचं पाणी केलं, शॉवर अर्धा तास बुडवला, जाळी धुतली. परत मोजले, ७५.